बांधाकडचा कोपरा

जव्हार
दि. २९ जून २०२५

ती. सुकी आत्या हिस,
प्रतिक्षाचा सा. न. वि. वि.

हे पत्र उमेशच्या जीपमधून पाठवते आहे. फोन करून उपयोग नाही. तुमच्या पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, आणि तू टेकडी चढलीस तरी वारा खाऊन परत येतेस, फोन कमरेला तसाच राहतो. शिवाय फोनवर मी खरं बोलत नाही. बरी आहे, जेवले, एवढंच तोंडातून निघतं. म्हणून कागद.

मी बरी नाही. ताप वगैरे नाही, काळजी करू नकोस. नोकरीला महिना झाला आणि रोज सकाळी निघताना मी दाराला कुलूप लावते आणि परत उघडते. आमची संस्था आश्रमशाळांमध्ये आठवी-नववीच्या मुलींचे वर्ग घेते हे तुला माहीत आहे. वर्गाचं नाव 'माझी मला ओळख'. त्यासाठी पुण्याहून छापून आलेलं चकचकीत पुस्तक आहे. पहिला धडा असा, की आरशासमोर उभं राहून स्वतःला सांगायचं, मी सुंदर आहे, मी सक्षम आहे. मुलींच्या वसतिगृहात आरसा एक, तोही तडकलेला आणि खिडकीच्या गजात खोचलेला. म्हणून मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. चाळीस मुलींनी ते प्रतिज्ञेच्या सुरात एका दमात म्हटलं आणि वहीत दहा वेळा लिहून काढलं. मी दहा वेळा लिहा असं सांगितलंच नव्हतं. फळ्यावर एकच वाक्य असलं म्हणजे ती शिक्षा, असं त्या समजल्या.

दुसऱ्या धड्यात स्वतःचे पाच चांगले गुण लिहायचे होते. त्यांनी काय लिहिलं ऐक. मी पळून जात नाही. मी उलट बोलत नाही. मी जेवण टाकत नाही. मी चोरी करत नाही. रुपी नावाची एक मुलगी आहे, आठवीत, कधी तोंड उघडत नाही. तिने पाचव्या आकड्यासमोर जागा कोरी ठेवली होती. विचारलं तर हळूच म्हणाली, की बाई, मी करत नाही असं आणखी काही उरलंच नाही.

मला हसू आलं. खोलीवर येऊन मग मीही कागद घेतला. मी उशिरा येत नाही. मी कुणाला त्रास देत नाही. मी मध्ये बोलत नाही. तिसऱ्यावर पेन थांबलं, आत्या. घरातली पहिली पदवीधर, आणि माझ्याकडे त्या पोरींपेक्षा दोन कमीच.

माझी खोलीतली जोडीदार मंजुषा हेच काम करते. तिचे वडील शिक्षक, काका तहसीलमध्ये कारकून. ती वर्गात शिरते तेव्हा खोली तिचीच असल्यासारखी शिरते. मी टेबलामागे उभी राहते आणि पुस्तक तोंडासमोर धरते. मागच्या आठवड्यात आमचे गौतम सर मागच्या बाकावर बसून माझा तास बघत होते. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, की आवाज ऐकू येत नाही. वाईट माणूस नाहीत ते, खरं तेच लिहिलं. कॉलेजात एकीने मला म्हटलं होतं, की तुमचं काय, तुमच्यासाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. त्यावर मी काय म्हटलं होतं माहीत आहे? मी 'हो' म्हटलं होतं. मला कुणी काहीही म्हटलं की तोंडातून 'हो'च येतं. स्वतःचा इतका राग येतो.

आमची नेमणूक ऑगस्टअखेरपर्यंतच आहे. तीस जुलैला मुंबईहून पाहुणे येणार आहेत, ते एक तास बघतील, आणि त्यानंतर कुणाला पुढे ठेवायचं ते ठरेल. मला काढून टाकण्याआधी मीच सोडावं म्हणते. एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगला मुलगी हवी आहे. तिथे मशीनमागे बसायचं, कुणाला तोंड दाखवायचं नाही. बाबांना हे तूच समजावून सांग. मला धीर होत नाही.

तुझी माया आहे म्हणून एवढं लिहिलं, ती अशीच राहू दे.

तुझी,
प्रतिक्षा


पाडा, खोडाळा
दि. ४ जुलै २०२५

चि. प्रतिक्षा हिस,
सुकी आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चौथीपर्यंतच शिकले, म्हणून तीनदा. माझ्या लिहिण्याला हसायचं नाय.

गोमाला, तुझ्या बापाला, मी काही सांगणार नाय. नोकरी तुझी, तोंड तुझं, तूच सांग. तो खोडाळ्याच्या बाजारात सांगत फिरतो, की माझी पोर मास्तरांना शिकवते. मी म्हटलं, की मास्तरांना नाय, पोरींना शिकवते. तर म्हणतो, एकच ते. तुझा पदवीचा फोटो त्याने देवाच्या फळीवर ठेवला आहे. उंदराने टोपीचं टोक खाल्लं, म्हणून आता गोमा फळीखाली झोपतो. अशा माणसाला मी झेरॉक्सचं सांगू?

बाकी घरी बरं आहे. रमेश आणि गोदी कामाला जातात. तुझ्या भावाला खेकडे धरता येत नाय अजून, बायकोच धरते आणि तो पिशवी धरतो. राबात भाताची रोपं चांगली आली आहेत. येत्या आठवड्यात आवणी लागेल, ती रोपं उपटून खाचरात लावायची. यंदा पण त्याच शेतकऱ्याच्या खाचरांवर आम्हा बायकांची रांग.

आता तुला एक सांगते. तू दोन पावसाळे आवणीला आलीस आणि मग शाळेत गेलीस, म्हणून तुला पुरतं माहीत नाय. रांगेत बांधाकडच्या कोपऱ्याला जी बाई असते ना, सगळं तिच्यावर असतं. तिचं रोप जिथे रोवलं जातं तिथून ओळ धरतात. ती मागे सरकली की सगळ्या सरकतात. ती कंबर सरळ करून उभी राहिली की सगळ्यांना उभं राहता येतं, त्याआधी कोणी उठत नाय. शेतकऱ्याला काही सांगायचं असेल तर तीच सांगते. त्याला आम्ही कोपरा धरणं म्हणतो.

माझ्या नवऱ्याने मला माहेरी परत पाठवलं तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. मला मूल नाय, म्हणून पाठवलं. त्या वर्षी मी मान वर करून चालत नव्हते. हळदीला जात नव्हते, विहिरीवर सगळ्या निघून गेल्या की जायची. तरी आवणीला बायकांनी मला कोपरा दिला. तू चांगली आहेस, असं कोणी तोंडाने म्हटलं नाय. आपल्यात असं कोणी म्हणत नाय, तुझ्या पुस्तकातच म्हणतात. नुसता कोपरा दिला. तेव्हापासून एकवीस वर्षं मी धरते.

म्हणून आरसा सोड. काम करत राहा. माणसं बघत असतात.

जेवत जा. आत्याला विसरू नकोस, मी तर विसरणार नायच.

सुकी


जव्हार
दि. १३ जुलै २०२५

ती. सुकी आत्या हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मीही तीनदा वाचलं. इतकी वर्षं तुला कोपऱ्याला बघितलं आणि मला वाटायचं, की तुझी उंची जास्त म्हणून तू तिथे असतेस. बाबांनी कधी सांगितलं नाही. तूही नाही.

आणि मी एक गोष्ट केली. पुस्तक बाजूला ठेवून मुलींना तुझ्या कोपऱ्याची गोष्ट सांगितली. अर्ध्याअधिक मुलींच्या आया आवणीला जातात, त्यामुळे काही समजवावं लागलं नाही. मग सांगितलं, की स्वतःबद्दल लिहू नका, शेजारणीबद्दल लिहा. ती रांगेत नसली तर कुणाचं काय अडेल ते लिहा. सुरुवातीला नुसती खुसखुस. टीना म्हणून एक वात्रट मुलगी आहे. तिने शेजारणीबद्दल लिहिलं, की ही नसली तर मला पेन कोण देणार. पण मग सगळ्या वहीवर वाकल्या. रुपीबद्दल तिच्या शेजारणीने लिहिलं, की रुपी सगळ्यांच्या वेण्या घालते आणि तिची कुणी घालत नाही. ते वाचून झाल्यावर टीना कुणी न सांगता उठली आणि रुपीच्या मागे जाऊन बसली. तास संपला तेव्हा रुपीची वेणी झाली होती. वाकडी झाली होती, पण झाली.

आत्या, मला पहिल्यांदा वाटलं, की हे मी केलं.

झेरॉक्सवाल्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. आता तू म्हणतेस तसंच करणार. काम करत राहणार, काही मागणार नाही, पुढे पुढे करणार नाही. गौतम सर बघतीलच. तीस तारखेचा तास कुणी घ्यायचा ते पुढच्या बैठकीत ठरणार आहे. द्यायचा असेल तर ते मला देतील. मंजुषाला मी हा तास कसा घेतला ते सगळं सांगितलं. तिने वहीत टिपून घेतलं, मला बरं वाटलं.

चिखलात पाय जपून टाक. तुझ्या मायेत मला जागा आहेच, ती राखून ठेव.

तुझी,
प्रतिक्षा


पाडा, खोडाळा
दि. १७ जुलै २०२५

चि. प्रतिक्षा हिस आशीर्वाद.

आवणी चालू आहे. बोटं फुगली आहेत, पेन धरवत नाय, म्हणून थोडंच लिहिते.

तुझी वर्गातली गोष्ट गोमाला वाचून दाखवली. तो उठून बकरीला पाला घालायला गेला. ती नुकतीच खाऊन बसली होती. तूच समज.

पण पोरी, वाट किती बघणार तू? माणसं बघतात असं मी लिहिलं खरं. सगळीच बघतात असं नाय. कधी कधी त्यांचं लक्ष दुसरीकडे असतं. ते नीट सांगायला हवं होतं. आता उमेश जीप काढून उभा आहे, हॉर्न वाजवतो आहे.

मंजुषाला सगळं का सांगितलंस?

आठवण असू दे.

सुकी


जव्हार
दि. २० जुलै २०२५

ती. सुकी आत्या हिस,
सा. न. वि. वि.

रागात लिहिते आहे. मोठ्या माणसाला असं लिहू नये हे कळतं, तरी लिहिते.

शुक्रवारी बैठक झाली. गौतम सरांनी विचारलं, की पाहुण्यांसमोर तास कोण घेणार. मी खाली बघितलं. मला वाटलं, की ते माझं नाव घेतील, त्यांच्या कानावर माझ्या तासाचं गेलेलं असणार. मी वाट बघत बसले. त्यांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि मंजुषाने हात वर केला. ती म्हणाली, की शेजारणीबद्दल लिहिण्याचा एक वेगळा प्रयोग आहे, तो करून दाखवते. माझ्याकडे बघून तिने विचारलं, की प्रतिक्षा, तुझी हरकत नाही ना.

मी 'हो' म्हटलं. म्हणजे नाही म्हटलं. म्हणजे हरकत नाही असं म्हटलं. काय म्हटलं ते मलाच धड कळलं नाही, पण मान हलली. सरांनी तिचं नाव लिहून घेतलं. मग म्हणाले, की पाहुण्यांच्या चहाचं प्रतिक्षा बघेल.

चहाचं.

मंजुषाचा मला राग येत नाही, म्हणजे येतो, पण ती चोर नाही. तिने सगळ्यांसमोर विचारलं होतं. मी बोलले नाही त्याला ती काय करणार. खोलीवर येऊन तिने मलाच विचारलं, की कोपऱ्याच्या गोष्टीत त्या आत्याबाईंचं नाव काय होतं. आणि मी तुझं नाव सांगितलं, आत्या. सुकी म्हणून सांगितलं आणि तिने ते लिहून घेतलं.

आता मला सांग, तुला तुझ्या बायकांनी कोपरा दिला, मग मला कुणी का देत नाही? मी तुझ्यासारखंच गप्प राहिले. तुझ्यासारखीच मान खाली घातली. माझ्यात काही कमी आहे म्हणूनच ना? का जव्हारची माणसं पाड्याच्या बायकांसारखी नसतात? तुझ्या काळी तसं झालं असेल. मला ते उपयोगी नाही.

राजीनामा लिहून ठेवला आहे. एकतीसला देईन. तीसला चहा देऊन मग देईन.

माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लिही.

प्रतिक्षा


पाडा, खोडाळा
दि. २४ जुलै २०२५

चि. प्रतिक्षा हिस,
सुकी आत्याचे आशीर्वाद. राग नाय.

आज अंग दुखतं म्हणून मी घरी राहिले, असं बायकांना सांगितलं. खरं म्हणजे हे पत्र लिहायला राहिले.

मला कोणी कोपरा दिला नव्हता.

त्या वर्षी कोपरा बुध्याची आई धरायची. ती बांधावरून घसरली, पाय सुजला. सगळ्या बांधावर उभ्या राहून तू धर, तू धर करत होत्या. शेतकरी छत्री मिटून वाट बघत होता. कोणाला नको होतं, कारण ओळ चुकली की सगळ्यांची बोलणी तिने खायची. मी त्या रांगेत नव्हतेच. नवऱ्याने टाकलेली, म्हणून मला रांगेत कोणी शेजारी घेत नव्हतं. मी मुठी फेकायचे, म्हणजे रोपांच्या जुड्या खाचरात टाकायच्या. ते पोराबाळांचं काम. त्यांनी एकमेकींची नावं घेतली, अगदी पंधरा वर्षांच्या पोरीचंही घेतलं. माझं कोणी घेतलं नाय. त्यांच्या मनात वाईट होतं असं नाय, मी त्यांना दिसतच नव्हते.

मी हातातली मूठ तशीच घेऊन गेले आणि कोपऱ्यात उभी राहिले. एकजण म्हणाली, ही कोण शहाणी आली. मी खाली वाकले आणि रोप रोवलं. वाकलेल्या बाईचं तोंड कोणाला दिसत नाय, म्हणून बरं.

आणि ओळ काय गेली सांगू? बकरी चालते तशी गेली. पहिली तीन खाचरं वाकडी. रस्त्याच्या कडेचीच होती. भात उंच होईपर्यंत येणारी-जाणारी माणसं जीपमधून बघायची आणि हसायची. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी जाऊन कोपऱ्यात उभी राहिले. उशीर झाला असता तर परत मुठी फेकत बसले असते. तिसऱ्या वर्षी कोणीतरी म्हटलं, हा सुकीचा कोपरा. मग मलाच वाटायला लागलं, की त्यांनी दिला.

पाड्यावर सगळ्या बायकांना हे माहीत आहे. फक्त तुला मी दुसरं सांगितलं. का, ते दोन दिवस शोधत होते. मागून घेतलं म्हणायची लाज वाटते, पोरी. दिलं म्हटलं की आपण चांगल्या, घेतलं म्हटलं की आपण आगाऊ. एकवीस वर्षं कोपरा धरून पण ती लाज गेली नाय. आणि ती मी तुझ्या पत्रात घालून पाठवली. तू गप्प राहिलीस ती माझ्या खोट्याने.

तुझ्यात काय कमी आहे ते मला माहीत नाय. असेल काही. माझ्यात पण होतं, ओळ धरता येत नव्हती.

राजीनामा द्यायचा तर दे. पण चहा दुसऱ्या कोणाला करू दे.

आत्यावर विश्वास ठेवणं न ठेवणं तुझ्याकडे.

सुकी


जव्हार
दि. ३ ऑगस्ट २०२५

ती. सुकी आत्या हिस,
साष्टांग नमस्कार, आणि या वेळी अगदी मनापासून.

तुझं पत्र आलं तेव्हा आधी रडले, मग तुझ्यावर चिडले, मग मुठी फेकणाऱ्या सुकीला डोळ्यांसमोर आणत बसले. सगळं सांगते. सगळं चांगलं नाही.

मी आधी मंजुषाकडे गेले. सांगितलं, की तो प्रयोग माझा आहे आणि तीस तारखेला तो मी घेणार. ती म्हणाली, की तू स्वतःच हो म्हणालीस. मी म्हटलं, की म्हणाले, चुकले. ती म्हणाली, की चार दिवसांवर आल्यावर तुला चूक कळली होय. तिचं बरोबर होतं. मग गौतम सरांकडे गेले. त्यांनी विचारलं, की बैठकीत का नाही बोललीस. मी तेच परत म्हटलं, की तास माझा आहे, मला हवा आहे. असं म्हणताना माझ्याच कानांना ते उद्धट वाटत होतं. ते कागद चाळता चाळता म्हणाले, की सुरुवात मंजुषा करेल, शेवटची वीस मिनिटं तुझी. चहाचं कुणी बघायचं ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. शेवटी शिपाईमामांनी केला.

तीस तारखेला मंजुषाची सुरुवात सुरेख झाली. पाहुणे हसले, माना डोलावल्या. मग मी उठले. टेबलाच्या पुढे आले, आणि पुस्तकी मराठीतलं पहिलं वाक्य अर्ध्यात अडकलं. मागच्या बाकावर एक पाहुण्या बाई फोन बघत होत्या. मी ते वाक्य सोडून दिलं आणि घरी बोलतो तसं बोलायला लागले. 'मना', 'तुना' असे घरचेच शब्द, सगळं तसंच. मुलींनी माना वर केल्या. पाहुण्यांना निम्मं कळलं नसेल. आवाज मात्र मोठा होता. टीना म्हणाली, की बाई, ओरडू नका, ऐकू येतं. सगळा वर्ग हसला आणि मीही हसले.

मुलींनी आपापल्या शेजारणींबद्दल वाचून दाखवलं. वीस मिनिटांची पस्तीस झाली. गौतम सर दारातून घड्याळ दाखवत होते. तेवढ्यात रुपी उभी राहिली, जी कधी उभी राहत नाही, आणि तिने विचारलं, "बाई, तुमचं कोण लिहिणार?"

माझ्या शेजारी कुणीच नव्हतं, आत्या. मंजुषा खिडकीपाशी होती, ती बाहेर बघत होती. मग मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'मी हा तास मागून घेतला.'

एवढंच सुचलं. पण त्यात कुठे 'नाही' नव्हतं. मी वळून बघते तर चाळीस मुली माना खाली घालून वहीत लिहीत होत्या. मी हा तास मागून घेतला. मी हा तास मागून घेतला. दहा-दहा वेळा. पाहुण्यांना वाटलं, की हाही प्रयोगाचाच भाग आहे. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

सरांचा शेरा असा आहे, की आवाज ऐकू आला, तास वेळेत संपला नाही, मांडणी विस्कळीत. मंजुषाला वर्षभर ठेवलं आहे. मला दिवाळीपर्यंत, मग पुन्हा बघू म्हणाले. मंजुषा तीन दिवस वेगळी चूल मांडून होती. चौथ्या दिवशी मीठ मागायला आली. मी दिलं. बोलायला हवं होतं, मला अजून जमलं नाही. उद्या बोलेन.

राजीनामा फाडला नाही, पिशवीत आहे. बाबांना सांग, की मी मास्तरांना शिकवत नाही. नाहीतर राहू दे, मीच येऊन सांगेन.

तू खरं लिहिलंस. तुझी माया माझ्याकडे जमा आहे, ती आणखी वाढू दे.

तुझी,
प्रतिक्षा


पाडा, खोडाळा
दि. १४ ऑगस्ट २०२५

चि. प्रतिक्षा हिस,
सुकी आत्याचे अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत बांधावर बायकांना मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या खोट्याचं पण सांगितलं. बुध्याची आई म्हातारी झाली, तीही भाकर घेऊन आली होती. ती म्हणाली, की बघा, एकवीस वर्षांनी कबूल झाली. सगळ्या इतक्या हसल्या की शेतकरी बघायला आला.

जेवण झाल्यावर शेवटची दोन खाचरं राहिली होती. मी हात धुऊन कोपऱ्याकडे गेले तर तिथे गोदी उभी. आपल्या रमेशची गोदी. मूठ हातात घेऊन, खाली बघत. कोपरा दिला असं मी म्हणणार नाय, कारण मी दिला नाय. मला रागच आला. मग रांगेच्या मध्ये जाऊन वाकले.

मध्ये वाकून काम करणं किती जड जातं, पोरी. कंबर कधी सरळ करायची ते दुसरीने ठरवायचं. आणि ती पोर उठायलाच विसरते. शेवटी मीच ओरडले, की गोदे, उभी राहा. तेव्हा सगळ्यांच्या कमरा मोकळ्या झाल्या.

तिची ओळ चुकत होती ते मला दिसत होतं. मी सांगितलं नाय. पुढच्या वर्षी मला कोपरा हवा असला तर मला मागावा लागेल. आताच लिहून ठेवते, हवा आहे.

गोमा विचारतो, की दिवाळीनंतर पोरीचं काय होणार. मी म्हटलं, की मला माहीत नाय, तिला विचार. तू आलीस की विचारील.

मंजुषाशी बोललीस का? लोभ तर आहेच, पण या प्रश्नाचं उत्तर आधी लिही.

सुकी

ता. क. भात उंच व्हायच्या आत एकदा ये. उमेशच्या जीपमध्ये डाव्या खिडकीला बस. खोडाळ्याच्या अलीकडे दोन खाचरं वाकडी दिसतील. ती गोदीची.